कमलताईंची मागची भिंत

माझा जन्म इथलाच, बदलापूर गावातला, स्टेशनकडचं बदलापूर नाय, जुनं गाव, नदीच्या अंगाचं. आता तुम्ही येताना बिल्डिंगा बघितल्या असतील, ते सगळं मागाहून आलं, आमच्या लहानपणी इकडं वीटभट्ट्या होत्या, बाप भट्टीवर माती तुडवायचा, आई विटा थापायची, आणि मी त्या विटांच्या रांगांमधून रांगत रांगत मोठा झालो. तर हातात दुसरं काय येणार, वीटच येणार. शाळा चौथीपर्यंत झाली, मास्तर बोलायचे किसन हुशार हाय, पण हुशारी घेऊन काय करता, बाप एक दिवस बोलला चल, आणि मी गेलो. पहिला बिगारी होतो, घमेली वाहायचो. मंग उल्हासनगरला एक सिंधी शेठ होता कॉन्ट्रॅक्टर, त्याच्याकडं लागलो, त्या टायमाला कॅम्पात लोक जुन्या बराकी पाडून घरं बांधत होते, कामाला तोटा नव्हता. शेठ सकाळी स्कूटरवर यायचा, बोलायचा साईं, आज लिंटल भरना है, बातें कल करेंगे. कडक माणूस, पण शनिवारचा पगार कधी रविवारवर ढकलला नाय त्याने. त्याच्याकडंच मी थापी धरायला शिकलो, ओळंबा लावायला शिकलो, आणि गावात परत आलो तो मिस्त्री होऊन आलो. अजून मला किसन मिस्त्रीच बोलतात, आडनाव बऱ्याच जणांना माहीत पण नसेल.

लग्न झालं, यमुना आली, ती वांगणीकडची. पहिली मुलगी, ती आता तिच्या घरी सुखी हाय, आणि मंग दिनेश. दिनेशचंच सांगायचं हाय खरं तर, म्हणजे त्याचं नाय, कमलताईंचं सांगायचं हाय, पण दिनेशवाचून ते सांगता येत नाय. काय सांगू तुम्हाला, पोटचं पोर असतं ना, त्याच्या वाटेनं गेल्याशिवाय आपल्याला कुठंच जाता येत नाय.

कमलताई म्हणजे आमच्या मागच्या आळीला राहतात. बौद्ध समाजाच्या. नवरा अंबरनाथच्या फॅक्टरीत होता, तो लवकर गेला, त्याच्या जागी ताईंना घेतलं, तर त्यांनी तिकडं सगळी वर्षं काढली, दोन मुली शिकवल्या, दोघींची लग्नं केली, आणि रिटायर झाल्यावर फंडाचे पैसे घेऊन गावाच्या कडेला छोटीशी जागा घेतली. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये जन्म गेला, आपलं म्हणून घर नव्हतं कधी. मला बोलावलं, बोलल्या मिस्त्री, माझं आयुष्यातलं एकच घर हाय हे, पाहुण्यांना दाखवायचं नाय, मला मरायचंय त्याच्यात, तसं बांधा. मी हसलो, बोललो ताई, मरायला कशाला, जगायला बांधतो.

आता आमच्याकडची घरं कशी असतात बघा. कुणी घर पुरं बांधत नाय. पुढं वाढवायचं असतं ना. वर सळया सोडून ठेवायच्या, उद्या माळा चढवू म्हणून, आणि मागची भिंत चार इंची घालायची, म्हणजे वीट आडवी न घालता एकेरीच, उद्या मागं खोली काढायची झाली की चार घाव घातले की भिंत मोकळी. पुढच्या, बाजूच्या भिंती नऊ इंची, त्या कायमच्या. मागची आपली तात्पुरती. अख्ख्या गावात तुम्ही कुणाच्याही मागच्या दारी जाऊन हात मारा, पोकळ आवाज येईल. ताईंची पण तशीच घातली. वर पत्रे, पत्र्याचे अँगल त्या मागच्या भिंतीवर टेकवलेले, पुढच्या खोलीत सामानाला पोटमाळा, आणि बाथरूमच्या वर टाकीकडं जायला एक पत्रा मोकळा ठेवलेला, नुसता वजनावर. दिनेश तेव्हा माझ्याबरोबर यायचा कामाला, दहावी नापास झालेला होता, तो पत्रा त्यानंच बसवला. मी वरून ओरडलो खिळा नको मारू, उघडता आला पाहिजे, तो बोलला पप्पा, टेन्शन नको घेऊ.

त्याला हे काम आवडायचं नाय. सिमेंटनं हात फाटतात, पोरी हसतात, असं काय काय बोलायचा. मंग एमआयडीसीत एका कंपनीत लागला कॉन्ट्रॅक्टवर, आम्हाला वाटलं बरं झालं, रोज रिक्षानं जातोय, टिफिन घेऊन जातोय, यमुना तर सगळ्यांना सांगायची आमचा दिनेश कंपनीत हाय. ती कंपनी बंद पडली. मंग दुसरी नाय भेटली. मंग अशी पोरं भेटली ज्यांचं काम काय ते आम्हाला कधी कळलं नाय, पण मोबाईल नवीन आला, बूट नवीन आले. मी विचारलं नाय. म्हणजे एकदा विचारलं, तो बोलला भंगारचा धंदा हाय, आणि मी गप्प बसलो, कारण भंगारचा धंदा असतोच की, उल्हासनगर त्याच्यावर तर चालतं. ती पोरं बंद कंपन्यांमध्ये शिरून तांब्याच्या केबली काढायची. एका कंपनीत वॉचमन जागा झाला आणि कुणीतरी त्याच्या डोक्यात रॉड घातला. दिनेश बोलतो मी नाय घातला, पण तो तिथं होता, आणि वॉचमन वाचला ते आमचं नशीब. पोलीस त्याला शोधायला लागले.

त्या दिवशी मी मांजर्लीला कामावर होतो, प्लास्टर चालू होतं. सकाळ होती, ऊन चढलं नव्हतं. दोन हवालदार जीप घेऊन आले, बोलले किसन तूच ना, चल. तसाच गेलो, हाताला सिमेंटचा माल लागलेला. जीप आमच्या घराकडं नाय वळली, मागच्या आळीला वळली, आणि बघतो तर कमलताईंच्या घराला वेढा. झालं असं होतं की दिनेश नाक्यावर दिसला, पोलीस मागं लागले, तो आळीत घुसला आणि ताईंच्या मागून बाथरूमवर चढून तो मोकळा पत्रा उचलून आत उतरला. ताई घरी नव्हत्या, पेन्शनसाठी अंबरनाथला बँकेत गेल्या होत्या, पुढं कुलूप. घरं दुसरी पण होती आळीत, दारं उघडी होती, पण तो तिथंच गेला. कारण ते घर त्याला आतून माहीत होतं. माझ्यामुळं माहीत होतं.

साहेब मला बोलले, तुझा पोरगा गावठी कट्टा घेऊन आत बसलाय अशी खबर हाय, त्याला बाहेर बोलव. मी दाराशी जाऊन ओरडलो, दिन्या, बाहेर ये, कुणी काय करणार नाय, मी हाय ना. आतून आवाज नाय. परत ओरडलो. यमुना आली धावत, ओरडत, तिला बायांनी धरून ठेवलं. तोपर्यंत आळी भरली माणसांनी, गच्च्यांवर पोरं चढली, गणपतीच्या मिरवणुकीला चढतात तशी. आणि साहेब दुसऱ्या साहेबाला बोलत होते ते मला ऐकू आलं, की पुढचं दार तोडून आत जायचं तर एकेकानं जावं लागेल, आणि आतून गोळी आली तर आपण पण सोडणार, मंग बोलू नका.

तेव्हा मी बोललो. मला कुणी विचारलं नव्हतं. हे मी तुम्हाला परत सांगतो, मला कुणी विचारलं नव्हतं. मी साहेबांचा हात धरला, माल लागलेल्या हातानं, त्यांचा शर्ट भरला, आणि बोललो साहेब, मागची भिंत चार इंची हाय, मी बांधलीय, दोन घावात येईल, सगळं घर एकदम दिसेल तुम्हाला, गोळी नका चालवू. साहेब बोलले दाखव. मी मागं गेलो आणि हात ठेवून दाखवलं, इथं. वर अँगल टेकलेले हायत हे मला माहीत होतं. भिंत गेली की मागचे पत्रे बसणार हे पण माहीत होतं, मिस्त्रीला माहीत नसतं का? पण त्या टायमाला मला पत्रे दिसत नव्हते, ताई दिसत नव्हत्या, मला पोरगा दिसत होता जमिनीवर पडलेला. माझ्या पोरासाठी मी दुसऱ्याचं घर दिलं. जसं काय माझं होतं द्यायला.

भिंत पडली. पत्रे बसले, ओट्यावर बसले, भांड्यांच्या मांडणीवर बसले, असा आवाज झाला की माणसं मागं पळाली. आणि त्याच वेळी पुढून खिडकी फोडून धुराची नळकांडी सोडली त्यांनी, ती पडली गादीवर, गादी पेटली. एका हवालदारानं जिवावर उदार होऊन सिलिंडर बाहेर ओढला, ते पण सांगितलं पाहिजे, तो नसता तर आळी गेली असती. मंग बंबवाले आले, त्यांनी पाणी मारलं, जे जळलं नव्हतं ते भिजलं. दिनेशला पोटमाळ्यावरून काढला, खोकत होता, हात वर होते त्याचे. खिशात एक स्क्रू ड्रायव्हर सापडला. कट्टा बिट्टा काय नव्हतं. नंतर जेलमध्ये भेटायला गेलो तेव्हा तो मला बोलला, पप्पा, तुझा आवाज ऐकला मी, मी उतरतच होतो.

उतरतच होतो. बघा आता.

ताई दुपारी आल्या रिक्षानं. हातात पिशवी, पिशवीत भाजी. आळीतले सगळे बाजूला झाले. त्या आत गेल्या, चपला काढून गेल्या, त्या चिखलात, त्या काचांत, सवय माणसाची. बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो पुढच्या भिंतीवर होता, तो काळा झालेला, तो आधी पुसला पदरानं. मंग कपाट उघडलं, नवऱ्याचे कपडे ठेवले होते त्यांनी इतकी वर्षं, फॅक्टरीचा युनिफॉर्म, तो भिजून राख लागून पडलेला. मी दारात उभा होतो. बोललो ताई. त्या बोलल्या मिस्त्री, हे कुणी केलं. मी बोललो पोलिसांनी. तेवढंच बोललो त्या दिवशी. बाकीचं त्यांना आळीनं सांगितलं, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं की भिंत कुणी दाखवली, त्याच्यात लपवण्यासारखं काय राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी विटा घेऊन गेलो. टेम्पो भरून, माझ्या खर्चानं, दोन बिगारी घेऊन. बोललो ताई, आठवड्यात उभी करतो, नऊ इंचीची करतो, पत्रे नवीन घालतो, तुम्ही मुलीकडं जाऊन राहा. ताई पायरीवर बसल्या होत्या. बोलल्या टेम्पो परत न्या. मला वाटलं रागात हायत. पण राग नव्हता, त्या शांत बोलल्या, मिस्त्री, भिंत तुम्ही बांधली तर कुणाचं काय गेलं? पोलिसांनी पाडली, मिस्त्रीनं बांधली, मिटलं. मला मिटवायचं नाय. ज्यांनी पाडली त्यांनी भरून द्यायची. मी काय गुन्हा केलाय? आणि त्यांनी येऊन बघेपर्यंत ही भिंत अशीच राहील.

अशीच राहील म्हणजे मला वाटलं महिनाभर. बाईमाणूस, एकटी, किती दिवस राहील? त्या पुढच्या खोलीत राहिल्या, मागं ताडपत्री लावून. आणि कचेऱ्या सुरू झाल्या. पोलिसांत गेल्या, तिथं बोलले आम्ही कर्तव्य केलं, आरोपीनं घुसून नुकसान केलं, आरोपीकडनं घ्या. आरोपी म्हणजे माझा पोरगा, जेलमध्ये. तालुक्याच्या कचेरीत गेल्या, मी पण जायचो बरोबर, त्या येऊ नका बोलायच्या नाय आणि या पण बोलायच्या नाय, त्या पुढं चालायच्या, मी मागं. कागद माझ्या हातात द्यायच्या नाय. सगळीकडं त्यांना मॅडम बसा बोलायचे, चहा पण सांगायचे, आणि परत पाठवायचे.

एकदा तलाठी भाऊसाहेब घरी आले. चांगला माणूस होता, खरंच. ताडपत्री वर करून बघितलं, च्यक च्यक केलं. मंग ताईंना बोलले, ताई, आदल्या वर्षी नदी गावात शिरली होती, लोकांना घरांची भरपाई भेटली, त्यातली काही प्रकरणं अजून चालू हायत. ही आळी पाण्यात होतीच. मी तुमचं नाव त्याच्यात घालतो, पुरात भिंत पडली म्हणून लिहितो, पुढच्या महिन्यात पैसे हातात. पोलिसांनी पाडलं त्याला आमच्याकडं रकानाच नाय, मी कुठं लिहू?

मला इतका आनंद झाला, काय सांगू. मला वाटलं सुटलो. मी ताईंच्या पायाशी बसलो, बोललो ताई, हो बोला, तुमच्या हक्काचेच हायत, कुठनं आले तर काय झालं, पैशाला नाव असतं का? ताई बोलल्या भाऊसाहेब, पूर आला तेव्हा माझी भिंत उभी होती, पाण्याची खूण पण दाखवते मी तुम्हाला, जोत्याच्या वर नाय चढलं पाणी. माझ्या घरात नदी आली नाय, पोलीस आले. तसं लिहायचं असेल तर लिहा, नाय तर चहा घ्या आणि जा. भाऊसाहेब चहा घेऊन गेले. मला राग आला, तुम्हाला खोटं कशाला सांगू. मी बोललो ताई, कशाला हट्ट करता, सगळे असंच करतात. त्या माझ्याकडं बघून बोलल्या, मिस्त्री, तुम्हाला सुटायचंय. सुटा. पण माझ्या सहीनं नाय.

आणि त्याच दिवशी त्यांनी ते विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं. चहाचे कप उचलता उचलता विचारलं, भांडण नाय, आवाज नाय. बोलल्या, मिस्त्री, दिनेश पाटलाच्या घरात शिरला असता तर त्याची भिंत तुम्ही दाखवली असती का? पाटलाचं घर पण तुम्हीच बांधलंय ना. मागची चार इंचीच हाय ना त्यांची पण?

मी उठलो आणि घरी आलो. यमुनानं विचारलं काय झालं, मी बोललो काय नाय. मी जेवलो नाय त्या रात्री. मी स्वतःला सांगत होतो की दाखवली असती, पोरगा होता आत, कुणाची पण दाखवली असती. पण मी ते पाटलाचं अंगण डोळ्यासमोर आणलं, पाटील उभे हायत, त्यांचे भाऊ उभे हायत, आणि मी साहेबांचा हात धरून सांगतोय की इथनं फोडा. तर माझं तोंड उघडत नव्हतं. मनातल्या मनात पण उघडत नव्हतं. मी तिथं बोललो असतो साहेब, थांबा, अजून एकदा हाक मारतो. आणि पोरगा उतरला असता. तो उतरतच होता.

मी कधी जातपात नाय केली. ताईंच्या घरी पाणी प्यालो, जेवलो, काम चालू असताना त्या भाकरी द्यायच्या गरम गरम. मला वाटायचं आपण असे नाय. माणूस स्वतःला किती ओळखतो ते भिंत पडल्याशिवाय कळत नाय. यमुनाला मी हे सांगितलं बऱ्याच दिवसांनी, तर ती रडली नाय, बोलली मला माहीत होतं, त्या दिवशी मी ओरडले तशी पाटलाच्या दारात ओरडले असते का, नसते ओरडले. आणि गावात लोक मला बोलायचे, मिस्त्री, एवढं काय घेऊन बसला, तुझं पोर वाचलं ना, बाईला सरकार देईल. त्यांच्या बोलण्यात पण तेच होतं. पाटलाचं घर असतं तर सरकार दुसऱ्या दिवशी आलं असतं, आणि सगळ्यांना ते माहीत हाय.

असे तीन पावसाळे गेले. दर पावसात मी जायचो ताडपत्री बदलायला, तेवढं त्या करू द्यायच्या. आत शिरलो की मला ती पडलेली भिंत दिसायची, विटा त्यांनी उचलू दिल्या नव्हत्या, तशाच पडलेल्या, गवत उगवलेलं, एकदा साप निघाला त्यातून. मुली येऊन भांडायच्या, बोलायच्या आई, आमच्याकडं चल, ताई बोलायच्या माझं घर हाय, मी कशाला जाऊ. जिल्ह्याला अर्ज दिला, त्याच्या वर दिला, कुणी वकील भेटला चांगला, त्यानं फुकट लिहून दिलं. उत्तर यायचं की चौकशी सुरू आहे, प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल. ताई ती वाट बघत होत्या, पाहणीची. कुणीतरी यावं, बघावं, आणि सांगावं की बाई, तुमची चूक नव्हती. मला वाटतं पैशांचं सोडूनच दिलं होतं त्यांनी मनातून.

दिनेश मधल्या काळात सुटून आला. आता टेम्पो चालवतो, अंबरनाथला एमआयडीसीतच, सरळ झालाय, दारू नाय की कसलं लफडं नाय. आल्यावर पहिलं त्याला ताईंकडं घेऊन गेलो. तो पाया पडला. ताईंनी त्याला उठवलं, त्याच्या तोंडाकडं बघितलं, बोलल्या, जिवंत हायस, बरं झालं. तुझ्या आईसाठी बरं झालं. पण माझ्या घरात परत येऊ नकोस, मला भीती वाटते. तो गेला. मी तिथंच उभा राहिलो, मला वाटलं आता मला पण सांगतील. मला नाय सांगितलं. कधीच नाय सांगितलं. सांगितलं असतं तर सोपं झालं असतं.

मागच्या थंडीत ताई आजारी पडल्या. छाती भरली, उल्हासनगरला दवाखान्यात ठेवलं, डॉक्टर बोलला घरात ओल हाय का, ही ओल त्यांना मारणार. घरी आल्यावर त्यांनी मला बोलावणं पाठवलं. उशीला टेकून बसल्या होत्या, इतक्याशा झालेल्या. बोलल्या मिस्त्री, विटा आणा. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तेच ऐकलं. मी बोललो ताई, पाहणी व्हायचीय अजून, थोडं थांबू, मी दोन ताडपत्र्या लावतो, आतून प्लास्टिक लावतो. त्या बोलल्या, मी थांबले. मला आता दमायला झालंय. बांधा.

बांधली. दिनेशला आणलं नाय, बिगारी पण नाय लावला, एकट्यानं बांधली. नऊ इंची. जुन्या विटा साफ करून आत घेतल्या, ताई बोलल्या ह्याच घ्या, ह्या माझ्या पैशाच्या हायत. मजुरीला त्यांनी पैसे काढले, मी हात जोडले, तर बोलल्या, घ्या मिस्त्री, फुकट बांधली तर ती तुमची होईल. घेतले. त्या नोटा यमुनानं देवाजवळ ठेवल्यात, मोडल्या नाय.

आणि भिंत उभी राहिली, वर पत्रे चढले, प्लास्टर झालं, आणि पाहणीवाले आले. खोटं वाटेल तुम्हाला. जिल्ह्याहून दोन माणसं, गाडी घेऊन, हातात ताईंचेच कागद. आत आले, पुढं बघितलं, मागं बघितलं, भिंतीवर हात मारून बघितला. बोलले, घर तर चांगलं हाय, नुकसान कुठं हाय? ताईंनी फोटो दाखवले, बोलले फोटोवर आम्ही कसं ठरवणार, आम्ही समोर दिसतं ते लिहितो. मी मध्ये पडलो, बोललो साहेब, मी आत्ता बांधली ही, मी मिस्त्री हाय, मीच, ती पडली होती, मी दाखवली होती त्यांना, माझ्या पोराला पकडायला पाडली, मला लिहा, माझं नाव लिहा. तो बोलला काका, तुम्ही आरोपीचे वडील, तुमचं कसं लिहिणार. आणि लिहिलं, पाहणीच्या वेळी नुकसान आढळलं नाय. गेले.

मी ताईंसमोर उभा राहू शकत नव्हतो. माझं ओझं उतरावं म्हणून मला ती भिंत बांधायची होती ना, बांधली, आणि ओझं उतरलं सरकारचं. पहिल्या वेळी मी हात ठेवून दाखवलं तेव्हा घर गेलं, आणि दुसऱ्या वेळी हात लावला तेव्हा त्यांचं खरं गेलं. मी बोललो ताई, मला मारा. खरंच बोललो. त्या भिंतीकडं बघत होत्या. मंग बोलल्या, मिस्त्री, पाणी मारा, सुकतेय.

नवीन भिंतीला पाणी मारावं लागतं, सकाळ संध्याकाळ, नाय तर तडे जातात. आठवडाभर मारलं की पुरे होतं, जास्तीत जास्त पंधरा दिवस. आता पावसाळा तोंडावर आला, भिंत कधीच पक्की झाली, घण घातला तरी हलणार नाय. मी तरी जातो. सकाळी कामावर जायच्या आधी जातो, बादली भरतो, वरपासून खालपर्यंत मारतो, संध्याकाळी परत जातो. आता तुमच्याशी बोलून झालं की तिकडंच जाणार हाय. यमुना बोलते लोक हसतात. हसू दे. ताई खुर्ची टाकून बसलेल्या असतात, मला जयभीम करतात, मी करतो, बादली उचलतो. त्या फॅक्टरीत राहिलेल्या बाई हायत, भिंतीला आता पाणी लागत नाय हे त्यांना कळत नाय असं थोडंच हाय. पण त्या पण मला बोलत नाय, की मिस्त्री, बस झालं.